आहार आणि दृष्टि : एका पिवळ्या रंगाचा इतिहास

दिवेलागणीच्या सुमारास ज्याला दिसेनासें होतें, त्याला आपल्याकडे रातांधळा म्हणतात. दिवसां धडधाकट असणारा माणूस सूर्य मावळतांच ठेंचकाळूं लागतो, भिंत चाचपडत चालतो, आणि सकाळ झाली कीं पुन्हां पूर्ववत् होतो. या चमत्कारिक विकारानें मनुष्याचें लक्ष फार प्राचीन काळापासून वेधून घेतलें आहे. आणि नवल असें कीं, त्याचें कारण कळण्याच्या कित्येक शतकें आधींच त्याचा उपाय सांपडला होता. आहाराचा आणि दृष्टीचा संबंध शास्त्रज्ञांनीं कसा ओळखला, तो ओळखतांना त्यांचे कोणते तर्क खरे ठरले व कोणते फसले, हा इतिहास प्रस्तुत भाषणांत सांगावयाचा आहे. केवळ ज्ञानाची हौस म्हणून तो सांगावयाचा नाहीं. डोळ्यांसाठीं म्हणून आज औषधांच्या दुकानांत नाना रंगांच्या गोळ्या मिळतात. घरांतील चार पैसे त्यांवर खर्च करावे कीं दुधाभाजीवर, हा प्रश्न पुष्कळांना पडतो; आणि त्याचें उत्तर या इतिहासांतच दडलेलें आहे.

इजिप्त देशांतील जुन्या पपायरस-ग्रंथांत डोळ्यांच्या विकारावर बैलाच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या परंपरेंतील लेखांत रातांधळ्यास बैलाचें यकृत् मधाबरोबर खावयास द्यावें असें म्हटलें आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नक्तांध्यावर शेळीच्या यकृताचा प्रयोग पिंपळीसह दिलेला आहे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या देशांतील वैद्य एकाच वस्तूपर्यंत येऊन पोहोंचले, यावरून त्या उपायामागें खरा अनुभव होता हें उघड आहे. परंतु यकृतांतच असें काय आहे, या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं कोणापाशीं असणें शक्य नव्हतें.

तो प्रश्न शास्त्रीय कसोटीवर प्रथम घांसला गेला तो समुद्रावर. शिडाच्या जहाजांवर महिनोन् महिने खारें मांस व वाळलेलें अन्न खाऊन राहणाऱ्या खलाशांमध्यें रातांधळेपणा फार होई. प्रखर उन्हानें किंवा पाण्यावरील चकाकीनें डोळे दिपतात म्हणून असें होतें, अशी सर्वसाधारण समजूत होती. १८५७ सालीं ऑस्ट्रियाची 'नोव्हारा' ही युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. तिच्यावरील वैद्य एडुआर्ड श्वार्त्झ यांनीं हिपॉक्रेटिसच्या जुन्या उपायाची परीक्षा घेण्याचें ठरविलें. रातांधळ्या खलाशांस त्यांनीं शिजविलेलें यकृत् खावयास दिलें, आणि त्यांची दृष्टि परत आलेली पाहिली. ऊन तेंच होतें, समुद्र तोच होता. बदललें होतें तें अन्न. त्यावरून हा विकार पोषणाच्या उणीवेचा आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. परंतु प्रत्येक रोगाच्या मुळाशीं कांहींतरी विषारी वस्तु असली पाहिजे, अशी वैद्यकाची वृत्ति होती. अन्नांत कांहीं नसल्यामुळें रोग होतो, हा विचार त्या काळास पचण्यासारखा नव्हता.

पुढें जपानांतही असाच अनुभव आला. 'हिकान' नांवाच्या व्याधीनें तेथील लहान मुलें आजारी पडत. त्यांचे डोळे कोरडे होत, बुबुळें पांढरीं होत, आणि कित्येक मुलें कायमचीं आंधळीं होत. मासामिची मोरी या डॉक्टरांनीं १९०४ सालीं अशा चौदाशेंहून अधिक मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें हीं मुलें बरीं होतात, हें त्यांनीं दाखविलें. मात्र स्निग्ध पदार्थांच्या सामान्य अभावानेंच हा रोग होतो, असें त्यांस वाटलें. कोणताही स्निग्ध पदार्थ चालेल कीं विशिष्ट पदार्थच पाहिजे, हा पुढचा प्रश्न उंदरांनीं सोडविला.

१९१३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत एल्मर मॅक्कॉलम आणि त्यांच्या सहकारी मार्गरीट डेव्हिस हीं उंदरांना शुद्ध केलेल्या अन्नावर वाढवीत होतीं. दुधांतील प्रथिन, साखर, क्षार व डुकराची चरबी असा तो आहार होता. कांहीं आठवडे उंदीर ठीक वाढत, आणि मग त्यांची वाढ एकाएकीं थांबे. त्या आहारांत लोण्याचा किंवा अंड्याच्या बलकाचा स्निग्ध अंश घातला कीं ते पुन्हां वाढूं लागत. ऑलिव्हचें तेल घातलें तर कांहीं उपयोग होत नसे. त्याच वर्षीं ऑस्बोर्न आणि मेंडेल या दुसऱ्या दोघां अमेरिकन संशोधकांस तोच अनुभव आला, व अशा उंदरांचे डोळेही सुजतात असें त्यांस आढळलें. स्निग्ध पदार्थ सारखे दिसले तरी सारखे नसतात. कांहींत एक अदृश्य द्रव्य असतें व कांहींत नसतें, हें त्यावरून सिद्ध झालें. त्या द्रव्यालाच पुढें 'अ' जीवनसत्त्व हें नांव मिळालें.

प्रयोगशाळेंतील हा निष्कर्ष लौकरच माणसांच्या बाबतींत खरा ठरला. आणि तोही अत्यंत दुःखद रीतीनें. डेन्मार्क हा लोण्याचा देश. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथील लोणी परदेशीं विकलें जाई, आणि गरिबांच्या मुलांच्या वांट्यास वनस्पतींच्या तेलाचें मार्गरीन व लोणी काढून घेतलेलें दूध येई. या मुलांमध्यें डोळे कोरडे पडून आंधळेपणा येण्याची सांथच सुरू झाली. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांनीं एका बालकाश्रमाची पाहणी केली. तेथें मुलांचे दोन विभाग होते, व दोहोंचा आहार निराळा होता. ज्या विभागांत सायीसकट दूध मिळे, तेथील मुलांचे डोळे चांगले होते. दुसऱ्या विभागांतील सोळांपैकीं आठ मुलांचे डोळे बिघडले होते. पुढें १९१७ सालीं पाणबुड्यांच्या नाकेबंदीमुळें लोण्याची निर्यात अडली आणि मार्गरीनही मिळेनासें झालें. सरकारनें देशांतील लोणी शिधापद्धतीनें सर्वांस वांटलें. आणि त्यानंतर मुलांच्या आंधळेपणाचे नवे रोगी एकदम कमी झाले. श्रीमंत देशांच्या बाजारांत आपलें लोणी विकणारा देश आपल्याच मुलांच्या डोळ्यांनीं त्याची किंमत देत होता, असेंच म्हटलें पाहिजे.

येथपर्यंत ही कथा लोण्याची, दुधाची व यकृताची आहे. मग जे लोक मांस खात नाहींत, ज्यांस दूधही क्वचितच मिळतें, अशा कोट्यवधि लोकांचें काय? याचें उत्तर हिरव्या पानांनीं दिलें. मॅक्कॉलम यांना लसूणघासासारख्या पाल्यांतही तेंच जीवनदायी सामर्थ्य आढळलें. त्यांच्याच विद्यापीठांतील हॅरी स्टीनबॉक यांनीं १९१९ सालीं आणखी एक मार्मिक गोष्ट हेरली. पिवळ्या मक्यावर उंदीर वाढत, पांढऱ्या मक्यावर वाढत नसत. गाजर, रताळें, लोणी, हिरवा पाला हे गुणकारी पदार्थ बहुधा पिवळे असत, किंवा त्यांच्या हिरव्या रंगाखालीं पिवळा रंग लपलेला असे. तेव्हां हा पिवळा रंग हेंच तें जीवनसत्त्व असावें काय? पण येथें एक मोठी अडचण होती. कॉड माशाचें तेल सर्वांत गुणकारी, आणि त्यांत तर पिवळा रंग जवळजवळ नव्हता.

या पिवळ्या रंगाशीं रसायनशास्त्रज्ञांची ओळख जुनी होती. १८३१ सालीं वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञानें गाजरांतून तांबूस स्फटिक काढले, आणि गाजराच्या नांवावरून त्यांस कॅरोटीन हें नांव दिलें. १८३७ सालीं स्वीडनच्या बर्झेलिअसनें शरदऋतूंत पिवळ्या पडणाऱ्या पानांतील रंगास झँथोफिल म्हटलें. पुढें रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यानें खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून पानांचा रस गाळला, तेव्हां हिरव्या व पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे त्या नळींत वेगळे होऊन उभे राहिले. १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या सोप्या युक्तीकडे जवळजवळ पाव शतक फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९३१ च्या सुमारास हायडेलबर्गच्या रिचर्ड कून यांनीं ती पुन्हां हातीं घेतली, आणि पानांतील व फळांतील पिवळ्या द्रव्यांचें एक मोठें कुटुंबच उघडकीस आलें. गाजरांतील कॅरोटीन, पालेभाज्यांतील ल्यूटीन, मक्यांतील झीॲझँथिन हीं सर्व त्या एकाच कुटुंबांतील भावंडें.

स्टीनबॉकची अडचण १९३० सालीं केंब्रिज येथें थॉमस मूर यांनीं दूर केली. 'अ' जीवनसत्त्वावांचून क्षीण झालेल्या उंदरांस त्यांनीं शुद्ध कॅरोटीन खाऊं घातलें, आणि नंतर त्यांचीं यकृतें तपासलीं. तेथें कॅरोटीनचा रंग राहिलेला नव्हता. त्याच्या जागीं फिकट असें 'अ' जीवनसत्त्व सांठलें होतें. म्हणजे झाड कच्चा माल देतें, आणि प्राण्याचें शरीर त्यापासून जीवनसत्त्व घडवून यकृताच्या कोठारांत ठेवतें. प्राचीन वैद्यांनीं शेळीचें यकृत् कां सांगितलें, याचा उलगडा असा झाला. शेळीनें रानांत खाल्लेला पाला तिच्या यकृतांत औषध होऊन बसलेला होता! झूरिक येथील पाउल कारर यांनीं लागलीच या दोन्ही द्रव्यांची रचना उकलून दाखविली, आणि १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां शेवटचा दुवा राहिला तो डोळ्याचा. डोळ्याच्या मागील पडद्यांत एक गुलाबी द्रव्य असतें व तें उजेडांत फिकें पडतें, हें जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्त्स बोल यानें १८७६ सालींच पाहिलें होतें. १९३३ सालीं जॉर्ज वॉल्ड हा तरुण अमेरिकन बर्लिन येथें संशोधन करीत होता. त्याला डोळ्याच्या पडद्यांत 'अ' जीवनसत्त्व आढळलें. तें खरोखर तेंच आहे याची खात्री करून घेण्यासाठीं तो झूरिकला कारर यांजकडे गेला, आणि तेथून हायडेलबर्गला. जर्मनींत त्या वेळीं हिटलरची सत्ता आली होती. वॉल्ड ज्यू असल्यामुळें त्यास लौकरच मायदेशीं परतावें लागलें. परंतु जाण्यापूर्वीं प्रयोगशाळेंत आलेल्या बेडकांच्या एका खेपेवर त्यानें घाईघाईनें काम केलें, आणि अंधुक प्रकाशांत पाहण्यास लागणारें तें गुलाबी द्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासूनच बनतें, हें सिद्ध केलें. प्रकाशाचा किरण त्या द्रव्यावर पडतो, तें बदलतें, आणि त्या बदलाची वार्ता मेंदूस पोहोंचते. मग तें द्रव्य पुन्हां घडवावें लागतें. कोठारांत जीवनसत्त्व नसेल तर तें पुरेसें घडत नाहीं, आणि माणूस संध्याकाळीं आंधळा होतो. या कार्याबद्दल वॉल्ड यांस १९६७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

हिंदुस्थानांत या ज्ञानाचें महत्त्व इतर देशांहून अधिक होतें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं उभारलेल्या आहारसंशोधनशाळेंत भारतीय अन्नपदार्थांचें पृथक्करण सुरू झालें, आणि त्यांच्या मागून आलेल्या ॲक्रॉइड यांनीं १९३७ च्या सुमारास त्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. महाग फळांच्या मानानें माठ, मेथी, शेवग्याचा पाला अशा स्वस्त पाल्यांत कॅरोटीनचा सांठा किती मोठा आहे, हें अशा कोष्टकांवरून लोकांस कळलें. दुसऱ्या महायुद्धांत कॉड माशाच्या तेलाची आवक थांबली, तेव्हां आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचें तेल काढण्याचे उद्योग निघाले. स्वातंत्र्यानंतर ही संशोधनशाळा हैदराबादेस गेली. १९७० सालापासून लहान मुलांना दर सहा महिन्यांनीं 'अ' जीवनसत्त्वाचा दोन लाख एककांचा डोस देण्याची राष्ट्रीय योजना भारत सरकारनें सुरू केली.

या योजनेच्या मागेंपुढें जगांत मोठा वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. १९८६ सालीं आल्फ्रेड सॉमर यांनीं इंडोनेशियांतील प्रयोगावरून असें दाखविलें कीं, या डोसानें मुलांचे डोळेच वांचतात असें नाहीं, तर मृत्यूंचें प्रमाणही शेंकडा ३४ नें घटतें. १९९० सालीं तमिळनाडूंत दर आठवड्यास थोडा थोडा डोस देऊन केलेल्या प्रयोगांत मृत्यु शेंकडा ५४ नें घटले. परंतु त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या प्रयोगांत तसा फरक दिसला नाहीं. पुढें उत्तर प्रदेशांतील सुमारें दहा लाख मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ सालीं आले, तेव्हां घट अवघी शेंकडा चार निघाली, आणि तीही योगायोगाची असूं शकेल इतकी अल्प. यांत कोणी खोटें बोलत होतें असें नव्हे. जेथें उपासमार व गोंवर मोठ्या प्रमाणावर आहे तेथें जो उपाय प्राण वांचवितो, तोच उपाय परिस्थिति सुधारल्यावर तितका चमत्कार दाखवील असें नाहीं. उपायाचा गुण केवळ औषधांत नसतो. घेणाऱ्याच्या उणीवेंतही असतो. हें सूत्र ध्यानांत ठेवावें, कारण पुढील कथेची किल्ली तेंच आहे.

पालेभाजीच्या कैवाऱ्यांसही एक धक्का बसला. १९९५ सालीं इंडोनेशियांत अंगावर पाजणाऱ्या मातांना रोज पालेभाजी देऊन पाहिली, तेव्हां त्यांच्या रक्तांतील 'अ' जीवनसत्त्व अपेक्षेप्रमाणें वाढलें नाहीं. पानांच्या पेशींत कॅरोटीन घट्ट अडकलेलें असतें. तें सगळें शरीरास मिळत नाहीं. म्हणून पूर्वीं सहा भाग कॅरोटीन म्हणजे एक भाग जीवनसत्त्व असा हिशेब धरीत, तो २००१ सालीं अमेरिकन तज्ज्ञांनीं बारास एक असा केला. याचा अर्थ पाला निरुपयोगी आहे असा नाहीं. तो अधिक खाल्ला पाहिजे, शिजवून खाल्ला पाहिजे, आणि त्याबरोबर थोडें तेल किंवा तूप पाहिजे, एवढाच आहे. कारण कॅरोटीन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. भाजीस तेलाची फोडणी देण्याची आपली रीत या दृष्टीनें शास्त्रास धरून आहे.

येथवरची कथा अभावाची झाली. यापुढील कथा संरक्षणाची आहे. पहिल्या कथेचा नायक लहान मूल आहे, दुसऱ्या कथेचा वृद्ध मनुष्य.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागीं एक पिवळा ठिपका आहे. त्यास पीतबिंदु म्हणतात. वाचतांना, सुईंत दोरा ओंवतांना, समोरच्याचा चेहरा ओळखतांना आपण जें पाहतों तें या बिंदूनें. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो शरीरशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला. १८६६ सालीं माक्स शुल्त्झ यांनीं असें सुचविलें कीं, हा पिवळा रंग म्हणजे निळ्या प्रकाशास गाळणारी कांचच होय. आणि १९४५ सालीं त्याच वॉल्ड यांनीं तो रंग काढून तपासला, तेव्हां हिरव्या पानांतील झँथोफिलशीं त्याचें साम्य दिसलें. १९८५ सालीं तो ल्यूटीन आणि झीॲझँथिन यांचा बनलेला आहे हें निश्चित झालें. मनुष्याचें शरीर हीं दोन्हीं द्रव्यें मुळापासून तयार करूं शकत नाहीं. तीं अन्नांतूनच यावीं लागतात. शेकडों वनस्पतिरंगांपैकीं हे नेमके दोनच रंग वेंचून तें डोळ्याच्या नेमक्या मध्यभागीं कां नेऊन ठेवतें, हा प्रश्न मोठा आकर्षक होता.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें एक निराळाच विचार वाढत होता. प्राणवायु जसा प्राण राखतो, तसाच तो जाळतोही. लोखंड गंजतें, तेल खंवट होतें, रबर कडक होऊन तडकतें, तें त्याच्यामुळेंच. हा नाश थोपविणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट हें नांव पडलें. आणि प्रारंभीं त्यांचा उपयोग होता तो रबराच्या व तेलाच्या धंद्यांत. १९३७ सालींच वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालेले हंगेरीचे सेंट-ज्यॉर्जी यांनीं लाल मिरचीच्या जातींतून 'क' जीवनसत्त्व भरपूर काढून दाखविलें होतें. तेंही अशाच प्रकारचें द्रव्य निघालें, आणि डोळ्याच्या आंतील पाण्यांत तें रक्ताहून कितीतरी अधिक असतें असें आढळलें. १९५६ सालीं डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असा सिद्धांत मांडला कीं, शरीरांत प्राणवायूमुळें निर्माण होणारे तापट व अस्थिर कण पेशी कुरतडतात, आणि वार्धक्य येतें तें त्यामुळेंच.

प्राणवायूचा हा उग्र स्वभाव डोळ्यांच्या बाबतींत त्याआधींच दिसून आला होता. १९४० नंतरच्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस वांचविण्यासाठीं पेट्यांमध्यें भरपूर प्राणवायु देत, आणि वांचलेलीं कित्येक मुलें आंधळीं निघत. सुमारें दहा हजार मुलांची दृष्टि अशी गेली असा अंदाज आहे. १९५३-५४ मध्यें अमेरिकेंतील अनेक इस्पितळांनीं मिळून केलेल्या प्रयोगानें प्राणवायूचा अतिरेक हेंच कारण असल्याचें ठरलें. प्रेमानें दिलेल्या वस्तूचा अतिरेकही डोळे घेऊं शकतो, हा धडा त्या वेळीं फार महागांत मिळाला.

तरीही मोहाचा मार्ग सोपा होता. पालेभाज्या व फळें खाणाऱ्या लोकांत कर्करोग, हृद्रोग व नेत्ररोग कमी आढळतात. त्या पदार्थांत अँटिऑक्सिडंट असतात. तेव्हां तींच द्रव्यें गोळींत भरून दिलीं म्हणजे काम झालें, असा हा तर्क. तो दिसावयास निर्दोष होता. परंतु फळभाज्या खाणारा माणूस बहुधा विडीही कमी ओढतो, व्यायामही करतो, आणि त्याच्या हातांत चार पैसेही असतात. श्रेय कोणास द्यावें, हें नुसत्या निरीक्षणानें ठरत नाहीं. त्यासाठीं चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात, एकास खरी गोळी व दुसऱ्यास बिनगुणाची गोळी द्यावी लागते, आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते.

फिनलंडमध्यें अशी परीक्षा घेण्यांत आली. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकीं कांहींस रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यांत आलें. १९९४ सालीं निकाल आला तेव्हां सर्वच थक्क झाले. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें वाढला होता! अमेरिकेंत १८,३१४ लोकांवर चाललेल्या तशाच दुसऱ्या प्रयोगांत, कॅरोटीन व 'अ' जीवनसत्त्व मिळून दिलें असतां, तो शेंकडा २८ नें वाढल्याचें दिसलें, आणि १९९६ च्या जानेवारींत प्रयोग मुदतीपूर्वीं बंद करावा लागला. गाजरांतील जें द्रव्य हजारों वर्षें मनुष्यानें निर्धास्तपणें खाल्लें, तेंच एकटें काढून, मोठ्या प्रमाणांत, धुरानें भरलेल्या फुप्फुसांत पोहोंचतांच अपकारक ठरलें. ज्यांनीं हे प्रयोग केले त्यांस स्वतःच्याच आशेविरुद्ध निकाल जाहीर करावा लागला, आणि त्यांनीं तो केला. शास्त्राची खरी थोरवी मला तरी येथें दिसते.

डोळ्यांच्या बाबतींत निकाल इतका निराशाजनक लागला नाहीं. पण फारच मर्यादित लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 'क' व 'इ' जीवनसत्त्वें, बीटा-कॅरोटीन, जस्त व तांबें यांची एकत्र गोळी दिली होती. पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास ज्यांच्यांत बराच पुढें गेला होता, अशा लोकांत तो रोग शेवटच्या अवस्थेस जाण्याचा धोका पांच वर्षांत सुमारें शेंकडा २५ नें कमी झाला. परंतु गेलेली दृष्टि परत आली नाहीं, आणि मोतिबिंदूवर तर कांहींच परिणाम झाला नाहीं. २०१३ सालीं दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. त्यांत ४,२०३ लोकांस त्याच गोळीच्या जोडीला ल्यूटीन व झीॲझँथिन देऊन पाहिलें होतें. एकंदर लाभांत विशेष भर पडली नाहीं. परंतु बीटा-कॅरोटीनच्या जागीं हीं दोन द्रव्यें घालणें अधिक सुरक्षित आहे हें कळलें. २०२२ सालीं दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हां बीटा-कॅरोटीननें फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाल्याचें व ल्यूटीननें तसें न झाल्याचें दिसलें. दक्षिण भारतांतील खेड्यांत ७९८ लोकांवर पांच वर्षें केलेल्या प्रयोगाचा निकाल २००६ सालींच आला होता : अँटिऑक्सिडंट गोळ्यांनीं मोतिबिंदूची वाढ थांबत नाहीं. मोतिबिंदूवर उपाय आहे तो शस्त्रक्रिया, आणि तो उत्तम आहे. गोळीच्या आशेवर ती लांबणीवर टाकणें हेंच खरें नुकसान.

औषधाच्या गोळींतील हें ल्यूटीन येतें तरी कोठून? तें येतें मुख्यतः झेंडूच्या फुलांतून. दसऱ्याला ज्याचें तोरण आपण दाराला बांधतों, त्याच जातीच्या झेंडूची शेतें त्यासाठीं भारतांतही लावितात. कोंबड्यांच्या खाद्यांत घालून अंड्याचा बलक अधिक पिवळा करण्यासाठीं ही फुलें पूर्वींपासून वापरीत. माणसाच्या गोळींत त्यांचा प्रवेश नंतर झाला.

लोकांच्या समजुती कशा बनतात, याचेंही एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज वैमानिक रात्रींच्या अंधारांत शत्रूचीं विमानें अचूक पाडूं लागले. खरें रहस्य विमानांत बसविलेल्या रडार यंत्राचें होतें. पण हे वैमानिक गाजरें खातात म्हणून त्यांस रात्रीं दिसतें, असा बोलबाला झाला. देशांत गाजरांचें पीक मुबलक होतें, म्हणून अन्नखात्यानेंही त्यास हातभार लावला. शत्रु त्या कथेस भुलला असा पुरावा नाहीं. स्वकीय जनता मात्र इतकी भुलली कीं ती समजूत अजूनही टिकून आहे. ज्याच्या शरीरांत 'अ' जीवनसत्त्व पुरेसें आहे, त्याची दृष्टि गाजरानें आणखी तीक्ष्ण होत नाहीं. कोठार भरलें असतां वरून ओतलेलें धान्य सांडतें, एवढेंच. उलट तयार 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक विषासमान होतो. ध्रुवप्रदेशांत पांढऱ्या अस्वलाचें यकृत् खाऊन प्रवासी अत्यवस्थ झाले, त्याचें कारण हेंच. पाला खाऊन मात्र अशी विषबाधा होत नाहीं. कारण कॅरोटीनपासून जीवनसत्त्व किती घडवावयाचें हें शरीर आपल्या गरजेप्रमाणें ठरवितें.

आतां या साऱ्याचा निष्कर्ष. ज्या घरांत मुलांस दूध, अंडें, पाला यांपैकीं कांहींच पुरेसें मिळत नाहीं, तेथें सरकारी दवाखान्यांतील तो डोस टाळूं नये; तेथें प्रश्न मुलाच्या डोळ्यांचा व कदाचित् प्राणांचा असतो. ज्यास पीतबिंदूचा विकार जडला आहे, त्यानें नेत्रवैद्यास दाखवून, त्याच्या सल्ल्यानें गोळी घ्यावी. ज्याचे डोळे निरोगी आहेत त्यास या गोळ्यांनीं रोग टळतो, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. त्यानें विडी-सिगारेट सोडावी, कारण पीतबिंदूचा तिच्याइतका मोठा शत्रु आपल्या हातांत दुसरा नाहीं. आणि ताटांत रोज हिरवा पाला, पिवळें फळ, मक्याचें कणीस किंवा अंडें यांपैकीं जें परवडेल तें असूं द्यावें.

प्राचीन वैद्यांस जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें, पण त्यांनीं रोग्यास अन्न दिलें. आपणांस आज प्रत्येक द्रव्याचें नांव, रचना व वजन ठाऊक आहे; परंतु तें अन्नापासून तोडून देतांना आपण अनेकदां चुकलों. पानांत हीं द्रव्यें एकटीं नसतात. तीं एकमेकांच्या सोबतीनें, थोड्या प्रमाणांत आणि दिवसेंदिवस शरीरांत जातात. गेल्या दीडशें वर्षांच्या संशोधनानें बाजारांतल्या साध्या मेथीच्या जुडीची योग्यता कमी केली नाहीं, उलट ती कां आहे हें दाखवून दिलें. ती जुडी आजही गोळ्यांच्या डबीहून स्वस्त मिळते.